मेमरीताई

मेमरीताईंकडे कॉम्प्युटर नेला की पहिली दहा मिनिटं त्या त्याला हात लावत नसत. आलेल्या माणसाला खुर्चीत बसवायच्या, कॉम्प्युटर सुरू करायला सांगायच्या आणि स्वतः मागच्या स्टुलावर बसून म्हणायच्या, "घरी करता तेच काम करा. मी बघते." मग तुम्ही आपले टाइप करताय, इकडची फाइल तिकडे करताय, आणि पाठीमागे त्या हाताची घडी घालून गप्प. तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. एकदा एका गृहस्थांना इतका घाम फुटला की ते मागे वळून म्हणाले, "अहो ताई, कॉम्प्युटर बिघडलाय, मी नाही."

"तेच बघतेय," मेमरीताई म्हणाल्या.

त्यांचं खरं नाव सुजाता. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. घट्ट बांधलेले केस, कुर्त्याच्या खिशात एक छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि एक रंगाचा ब्रश. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत, एका चाळीच्या जिन्याखाली त्यांचा गाळा होता. आत त्या, एक टेबल आणि एक गिऱ्हाईक एवढंच मावायचं. गिऱ्हाइकाबरोबर बायको आली असेल तर तिने बाहेर मिरच्यांच्या पोत्यांपाशी उभं राहायचं. येणारे लोक दुखणं सांगायला येत नसत, औषध सांगायला येत. "स्लो झालाय, मेमरी टाकून द्या." कोणाला भाच्याने सांगितलेलं असे, कोणी ऑफिसात ऐकलेलं असे. दिवसभर त्या गाळ्यातून "मेमरी, मेमरी" ऐकून समोरच्या मसालेवाल्यांनी त्यांचं बारसंच करून टाकलं. गंमत अशी की आलेल्यांतल्या निम्म्याअधिक लोकांना त्या मेमरी न विकताच घरी पाठवायच्या.

गाळ्यात आणखी एक रिवाज होता, शिंकण्याचा. त्या गल्लीतल्या दुकानांचे कॉम्प्युटर उघडले की आतून लाल भुकटी निघायची. शेजारी मसाला कुटायचं यंत्र, डंख, चालू असायचं, मिरची कुटली जात असायची आणि पंख्यातून ती बरोबर कॅबिनेटच्या पोटात जायची. मेमरीताई झाकण उघडण्याआधी ओढणी नाकाला बांधायच्या आणि गिऱ्हाइकाला सांगायच्या, "मागे सरका, शिंक येईल." लोकांना वाटे, बाई उगाच सांगतायत. मग दोन्ही बाजूंनी शिंका सुरू व्हायच्या. एका मसालेवाल्याचा कॉम्प्युटर त्यांनी नुसता ब्रशने झाडून, पंखा पुसून परत दिला, आणि तो पूर्वीसारखा धावायला लागला. मसालेवाला म्हणाला, "मेमरी टाकलीत ना?" त्या म्हणाल्या, "टाकली काही नाही. पावभर तिखट काढलं."

मी तेव्हा दादरच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. शिवाजी पार्कला आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये मी आणि माझे वडील अप्पा, दोघंच. घरातला कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता की तो सुरू करून अप्पा चहा टाकायला जायचे, चहा पिऊन कप विसळून यायचे, तरी पडद्यावरचं ते वेटोळं फिरतच असायचं. शाळेतल्या एका बाईंनी लालबागचा पत्ता दिला. टॅक्सीत कॅबिनेट मांडीवर घेऊन मी गेले आणि शिरस्त्याप्रमाणे औषधच सांगितलं, "मेमरी वाढवायचीय."

त्यांनी मला बसवलं. मी प्रश्नपत्रिका उघडली, दोन ओळी टाइप केल्या, अप्पांची एक फाइल उघडली. दहा मिनिटांनी त्यांनी पुढे वाकून पडद्यावर एक खिडकी उघडली. तिच्यात आकडे हलत होते.

"टीचर, हे बघा. मेमरी अर्धीसुद्धा भरलेली नाही. आणि हा डिस्कचा आकडा. शंभर. मघापासून शंभरावरून हललेला नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमचा कॉम्प्युटर हळू नाही. तो वाट बघतोय. कोणाची, ते आधी शोधायचं असतं." मग माझा चेहरा बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. "तुमच्या स्वयंपाकघरात ओटा असतो ना, ती मेमरी. कपाट म्हणजे डिस्क. ओटा लहान असला तर सारखं सामान कपाटात ठेवा, कपाटातून काढा, त्यात वेळ जातो. अशा माणसाला मी म्हणते, ओटा वाढवा, लगेच फरक पडेल. पण तुमचा ओटा अर्धा रिकामा आहे. तुमच्या कपाटाचं दारच उघडत नाहीये. ओटा आणखी लांब करून काय करणार?"

डिस्क बदलून नव्या प्रकारची बसवा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

ज्याला खरंच गरज असे त्याला मात्र त्या आग्रहाने मेमरी घ्यायला लावायच्या. परळचे एक लग्नाचे फोटोग्राफर होते. एका वेळी शेकडो फोटो उघडून बसायचे आणि कॉम्प्युटर गोठायचा. त्यांना मेमरीताईंनी दुप्पट मेमरी बसवून दिली. ते दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. उलट काळाचौकीच्या एका निवृत्त काकांना भलत्याच कोणीतरी आठ जीबी विकली होती आणि त्यांची जुनी सिस्टिम त्यातली जेमतेम तीन ओळखत होती. काका हुज्जत घालायला आले होते की तुमची मेमरी खोटी आहे. आपण विकलेलीच नाही, हे मेमरीताईंनी एकदाही बोलून दाखवलं नाही. पाऊण तास बसून सिस्टिम बदलून दिली. मग काका पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचत गल्लीभर सांगत गेले, "आठ दिसतायत! पूर्ण आठ!"

मेमरीताईंचं घर घोडपदेवला. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम. गिरणीच्या ऑफिसात त्या पोरवयात डेटा एंट्रीला लागल्या. ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाहेरून माणूस यायचा. तो येईपर्यंत काम बंद, म्हणून ह्या त्याच्या मागे उभं राहून बघायच्या. बघून बघूनच शिकल्या. गिरणीचं ऑफिस बंद झालं तेव्हा त्यांनी रीतसर हार्डवेअरच्या क्लासला नाव घातलं. तिथले सर म्हणाले, मुलींनी टायपिंगकडे जावं, स्क्रू ड्रायव्हर मुलांना द्यावा. "मी म्हटलं, सर, टायपिंग मला तुमच्यापेक्षा जास्त येतं. आता दुसरं शिकवा." हे सांगताना त्यांना हसू आवरत नसे. "बिचारे लाल झाले. पण शिकवलं हं, नीट शिकवलं."

घरी आल्यावर मी अप्पांना डिस्कचं सांगितलं आणि घरात भूकंप झाला.

अप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले असले तरी त्यांची खरी ओळख अंपायर अशी होती. चाळीसेक वर्षं त्यांनी मैदानांवर क्लबांच्या, ऑफिसांच्या, गिरण्यांच्या मॅचेसना अंपायरिंग केलं. प्रत्येक मॅच वहीत लिहिलेली. कोण खेळलं, कोणाला कसं आउट दिलं, वारा कुठून होता, खेळपट्टीवर सकाळी ओल होती का. निवृत्तीनंतर ह्या वह्या ते एका बोटाने कॉम्प्युटरवर उतरवत होते. सोळा सीझन उतरवून झाले होते. झालेल्या वह्या त्यांनी माळ्यावर ठेवल्या आणि तिथे वाळवीने त्यांचा भुगा केला. त्यामुळे ते सोळा सीझन आता फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये होते. त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊ, असं मी दर सुट्टीत म्हणत होते.

"डिस्क बदलायची म्हणजे माझ्या वह्या काढून टाकायच्या," अप्पा म्हणाले. "मुळीच नाही. मेमरी टाक म्हणावं. सगळे तेच सांगतात."

मी फोनवर हे सांगितल्यावर मेमरीताई स्वतः घरी आल्या. इमारतीच्या फाटकातून आत येतानाच म्हणाल्या, "टीचर, तुमच्या बिल्डिंगचं पाणी मी प्यायलेय. लहानपणी आईबाबांबरोबर डिसेंबरात चैत्यभूमीला यायचो ना, तेव्हा तळमजल्यावरच्या एक आजी बागेचा पाइप रस्त्यावर काढून द्यायच्या. सगळी मुलं तिथे." त्या दिवसांत गर्दी नको म्हणून आमचं घर दरवर्षी अलिबागला जायचं. त्या आजी कोण, हेसुद्धा मला आठवेना.

अप्पांनी त्यांना उभ्यानेच विचारलं, "मेमरीने फरक पडत नाही, ह्याला पुरावा काय?"

अंपायरच तो. पुराव्याशिवाय ऐकणार कसा? मेमरीताईंनी पिशवीतून मेमरीची एक पट्टी काढली, कॅबिनेट उघडून बसवली आणि म्हणाल्या, "काका, आठ दिवस ठेवा. फरक पडला तर तुमची. नाही पडला तर मी परत नेईन, आणि मग डिस्कचं बोलू."

अप्पांनी कपाटातून स्टॉपवॉच काढलं. आधीच्या मेमरीवर कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागतो ते त्यांनी सकाळीच मोजून ठेवलं होतं. आता नव्यावर मोजायला लागले. मेमरीताई आणि मी दोघी बाजूला उभ्या. वेटोळं फिरतंय, अप्पा घड्याळाकडे बघतायत, आणि कॅबिनेटमधून मधूनच एक बारीक आवाज येतोय, टक्. मेमरीताईंनी मान किंचित तिरकी केली. मग पुन्हा स्टॉपवॉचकडे बघायला लागल्या.

आठ दिवस आमच्या घरी सकाळ संध्याकाळ कसोटी सामना चालला. अप्पा वेळ मोजून वहीत लिहायचे आणि मला वाचून दाखवायचे. शनिवारी सकाळी मेमरीताई आल्या तेव्हा त्यांनी वही पुढे केली. "सरासरी चौदा मिनिटं वीस सेकंदांवरून चौदा मिनिटं बारा सेकंद. आठ सेकंदांचा फरक. बाई, तुमचं अपील मान्य."

मेमरीताई खूष झाल्या. पट्टी काढून घेतली, बरोबर आणलेली एक बाहेरची डिस्क जोडली आणि म्हणाल्या, "आता आधी तुमच्या वह्यांची कॉपी काढते, मग बाकीचं." एरवी चुटकीसरशी होणारं काम. पण पहिल्याच फाइलला पाच मिनिटं लागली. मग दुसरी. टक्, टक् असा आवाज आता आम्हालाही ऐकू येत होता. मेमरीताईंच्या कपाळावर आठी पडली. एकेक करून तेरा सीझन आले. चौदाव्याला सगळं थांबलं. त्यांनी वाट बघितली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. काळा पडदा. पुन्हा केला. काळा पडदा.

त्या खुर्चीतून उठल्या आणि अप्पांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, चूक माझी आहे. तो आवाज मी आठ दिवसांपूर्वी ऐकला होता. त्याच दिवशी कॉपी काढायला हवी होती. मेमरीने फरक पडत नाही हे तुम्हाला दाखवायच्या नादात मी राहिले."

कोणी विचारलं नव्हतं. आम्हाला तो आवाज कशाचा हे कळणारही नव्हतं. डिस्क जुनी होती, गेली, एवढं त्या म्हणाल्या असत्या तर आम्ही मान डोलावून चहा दिला असता. पण त्यांनी सांगितलं, आणि मी सगळं त्यांच्यावर काढलं. "तुम्हाला माहीत होतं तरी तुम्ही गंमत बघत बसलात?" असं काहीतरी बोलले. पेन ड्राइव्हचं माझं स्वतःचं कर्म त्या वेळी मला आठवलं नाही. अप्पा तिथून निघाले. गॅलरीत जाऊन मैदानाकडे बघत उभे राहिले.

मेमरीताई ती मेलेली डिस्क घेऊन गेल्या. अशा डिस्कमधून माहिती काढणारे वेगळे लोक असतात, त्यांच्याकडे त्यांनी ती नेली. दोन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. फोन करता आला असता, पण आल्या. दारातच म्हणाल्या, "नाही जमलं. तीन सीझन गेले."

अप्पा आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग विचारलं, "टायपिंग येतं का तुला?"

अप्पा कोणालाही पटकन एकेरीत बोलत नसत. मी चमकले.

"येतं," मेमरीताई म्हणाल्या.

"रविवारी मोकळी असतेस?"

"असते."

"मग रविवारी सकाळी ये. तीन सीझन आहेत. मला आठवतंय तोवर उतरवून घेऊ."

त्यानंतर वर्षभर आमच्या घरी रविवार म्हणजे मेमरीताईंचा वार झाला. त्या साडेनऊला यायच्या, येताना लालबागचा ताजा मसाला किंवा मूठभर सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, आणायच्या. नव्या डिस्कमुळे कॉम्प्युटर आता चहा टाकायच्या आत सुरू व्हायचा, ह्याची अप्पांना थोडी चुटपुटच लागली. ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि बोलायला लागायचे. "सकाळी ढग होते. गिरणीच्या टीमने टॉस जिंकला." मेमरीताईंची बोटं इतकी भरभर चालायची की अप्पा मधेच डोळे उघडून बघायचे, ही खरंच लिहितेय की नुसती वाजवतेय.

त्या नुसतं उतरवून घेत नसत. मधेच थांबवून विचारायच्या, "अप्पा, बॉल लेग स्टंपच्या बाहेर पडला म्हणालात. मग पायचीत कसा दिला?" 'काका'चे 'अप्पा' कधी झाले ते आम्हाला कळलंच नाही. अप्पा गडबडायचे. "मी बाहेर म्हणालो? नाही, नाही, लाइनीत होता." "मघाशी बाहेर म्हणालात." "तुला कोणी शिकवलं गं हे?" तेव्हा कळलं की घोडपदेवच्या चाळींच्या मधल्या बोळात त्या लहानपणी मुलांबरोबर खेळायच्या आणि बोलिंग टाकायच्या. तिथले नियम वेगळे. पहिल्या मजल्यावरच्या मावशींच्या कपड्यांना बॉल लागला तर आउट, पाण्याच्या पिंपात पडला तर आउट आणि शिवाय डाव बंद. अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी हे नियमही एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवायला लावले. म्हणाले, "खेळ तो खेळ. नोंद हवी."

मी मेमरीताईंची माफी मागितली ती अशाच एका रविवारी, सोड्याच्या खिचडीला फोडणी देताना. पाठ करून ठेवलेलं सगळं बोलणं ऐनवेळी विसरले आणि फक्त म्हणाले, "त्या दिवशी मी फार बोलले." त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "बोललात ते खरंच होतं, टीचर. त्याचं वाईट नाही वाटलं." मग हळूच, "पेन ड्राइव्ह कुठाय तुमचा?" आम्ही दोघीही हसलो, पण त्यांनी तो खरोखर मागून घेतला आणि जेवायला बसण्याआधी त्याच्यावर सगळं घालून दिलं.

अप्पांना सगळंच आठवलं असं नाही. दोन सीझन जवळजवळ पूर्ण भरले. तिसऱ्यात मोठाली भगदाडं राहिली. अंदाजाने भरायला मेमरीताई तयार नव्हत्या आणि अप्पाही नव्हते. तिथे नुसती तारखेची रिकामी ओळ ठेवली.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या गाळ्याची चाळ पाडायला घेतली. नवीन इमारत होईल, गाळा मिळेल, असं सगळे म्हणत होते, पण कधी ते कोणी सांगत नव्हतं. मी सामान आवरायला गेले होते. टेबलाचे खण रिकामे करता करता त्या म्हणाल्या, "टीचर, तुमच्याकडच्या त्या शनिवारनंतर मी दोन आठवडे गाळा उघडला नव्हता. कॅबिनेट उघडायचं म्हटलं की हात थांबायचा. घरी आईला म्हटलं, पुन्हा डेटा एंट्री बघते कुठेतरी. मग अप्पांनी रविवारी बोलावलं." एवढंच बोलून त्या मसालेवाल्यांचा निरोप घ्यायला गेल्या. मसालेवाल्यांनी त्यांना वर्षभराचा मसाला बांधून दिला आणि त्यातल्या एकाने जाता जाता विचारलंच, "ताई, माझ्याला मेमरी टाकू का आता?" त्या म्हणाल्या, "आधी झाडून घ्या."

पनवेलच्या एका कॉलेजात त्यांना हार्डवेअर शिकवायची नोकरी मिळाली. आईला घेऊन त्या तिकडे राहायला गेल्या. रविवार सुटले. अप्पा मात्र रविवारी साडेनऊला फोन करायचे आणि आठवलेलं सांगायचे. मेमरीताई पनवेलहून टाइप करून पाठवायच्या.

अप्पांना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा नातेवाईक म्हणाले, शांत करू, होम करू. अप्पा म्हणाले, मैदानावर करू. शिवाजी पार्कच्या एका क्लबच्या तंबूत आम्ही खुर्च्या मांडल्या, बटाटेवडे सांगितले आणि अप्पांनी ज्यांना ज्यांना कधीतरी आउट दिलं होतं अशा दहाबारा म्हाताऱ्यांना बोलावलं. अप्पांचा तो शेवटचा मोठा वाढदिवस. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं आणि सगळे मजेत होते. सोळा सीझनची छापून बांधलेली प्रत टेबलावर होती. म्हातारे चष्मे लावून त्यात आपापली नावं शोधत होते आणि एकमेकांचे शून्यावरचे आउट मोठमोठ्याने वाचत होते. मेमरीताई पनवेलहून आल्या होत्या आणि तंबूच्या कडेला उभ्या होत्या. मी त्यांना बसा म्हटलं तर म्हणाल्या, "ह्या मैदानात दर डिसेंबरला येते. पण मॅचवाल्यांमध्ये पहिल्यांदाच. जरा बघू दे."

अप्पा बोलायला उभे राहिले. त्यांनी मेमरीताईंना पुढे बोलावलं.

"ही सुजाता. हिच्या हातून तीन सीझन गेले आणि तेरा वाचले. गेलेल्या तीनातले दोन हिनेच परत आणले. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. मी चाळीस वर्षं बोट वर केलं. किती वेळा चुकलो ते मला माहीत आहे. कोणाला कधी सांगितलं नाही. हिची चूक झाली तेव्हा हिने माझ्यासमोर उभं राहून पाच मिनिटांत सांगितली. कोणी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, ते वह्या गेल्या म्हणून नव्हे. मला लाज वाटली."

मेमरीताई खाली बघत होत्या. अप्पा पहिल्या रांगेकडे वळले. तिथे दत्ताराम बसले होते. परळच्या एका गिरणीच्या टीमचे एके काळचे ओपनर, मूळचे मालवणचे, आता पंच्याहत्तरीचे.

"दत्ताराम, पुस्तकात एक ओळ रिकामी आहे. ती मॅच मला आठवत नाही असं मी हिला सांगितलं. खोटं सांगितलं. तू शहाण्णववर होतास. मी तुला विकेटकीपरच्या हातात कॅच आउट दिलं. बॉल तुझ्या पॅडच्या पट्ट्याला लागला होता. बोट वर केल्याबरोबर मला कळलं. तोवर तू चालायला लागला होतास."

दत्ताराम उठले. अप्पांच्या जवळ आले. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"अप्पानू, माका तेव्हाच ठावक होता," ते म्हणाले. "पण तुमकाय ठावक आसा, ता माका आज कळला." आणि त्यांनी अप्पांना मिठी मारली. पाठोपाठ तंबूत जो गलका उठला त्यात बाकीच्या सगळ्या म्हाताऱ्यांना आपापले चुकीचे निर्णय एकदम आठवले. "आणि माझं काय?" "मला तर दोनदा!" अप्पा हात जोडून म्हणत होते, "एकेक करून, एकेक करून. सुजाता, लिहून घे."

पण दत्ताराम काही ऐकायला तयार नव्हते. त्यांना तो बॉल दाखवायचा होता. कसा आला, कसा आत वळला, पट्ट्याला कुठे लागला. कोणीतरी क्लबची बॅट आणली, टेनिसचा बॉल आणला. दत्ताराम खुर्चीचा स्टंप करून पॅंट वर खेचून उभे राहिले. अप्पा समोरच्या बाजूला, कमरेत वाकून. आता बोलिंग कोण टाकणार? सगळे म्हातारे एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघायला लागले.

"सुजाता," अप्पा म्हणाले, "टाक गं."

मेमरीताईंनी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि आठ पावलं मोजून मागे गेल्या. बॉल पडला तो बरोबर ऑफ स्टंपवर, आत वळला, दत्तारामांची बॅट हवेत फिरली आणि बॉल त्यांच्या गुडघ्याला लागून मागे गेला. सगळ्या तंबूने एका आवाजात अपील केलं. अप्पा थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग सावकाश सरळ झाले आणि मान हलवली. "नॉट आउट."

टाळ्या थांबता थांबेनात. दत्तारामांनी बॅट आकाशाकडे उंचावली. मेमरीताई हसत चपला घालायला आल्या. त्यांची पनवेलची बस होती, दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्चर होतं. मी त्यांची पिशवी आणून दिली, त्यात दोन वडे बांधून घातले. एवढ्यात मागून दत्तारामांचा आवाज आला, "ओ ताई, चार रन व्हये आसत माका! शहाण्णव झाले, शंभर कोण करतला?"

मेमरीताईंनी एकदा बसच्या रस्त्याकडे बघितलं आणि एकदा खेळपट्टीकडे.

"पुढची बस मिळेल," असं म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हातात परत दिली, चपला पुन्हा काढल्या आणि आठ पावलं मोजत मागे चालत गेल्या.